रांगोळीचे ठिपके

मेंदूच्या एमआरआयमध्ये शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध दिल्यावर कुठे पांढरं चमकलं, की माझ्या पोटात गोळा येतो. सांगायचा अधिकार मला नसतो आणि निघताना पेशंट हमखास विचारतो, "सगळं ठीक ना?" आधी नाशिकला, मग टोरंटोत, टेक्नॉलॉजिस्ट म्हणून हाच धसका घेऊन काम केलं.

त्या दिवशी मात्र आम्ही सगळे तो पांढरा डाग उमटायची वाट बघत होतो.

बाईंचा स्तनाचा कर्करोग मेंदूत गेला होता. ट्रास्टुझुमॅब या कर्करोगाच्या औषधाने बाकी शरीर आवरलं होतं, मेंदूत ते पुरेसं पोचत नव्हतं. तिथल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात, की पाचशे डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं माप) वरचं सहसा आत जात नाही. हा रेणू दीड लाखाच्या घरातला! ही भिंत कवटी न उघडता ध्वनिलहरींनी किलकिली करण्याचा माणसावरचा पहिला प्रयोग २०१५ मध्ये टोरंटोतच झाला.

सकाळी डोक्याचा तुळतुळीत गोटा केला. केमोनंतर जेमतेम बोटभर आलेले केस. मग चार स्क्रूंची फ्रेम, रबरी पडदा, ध्वनिलहरी सोडणाऱ्या १,०२४ ट्रान्सड्यूसरचं हेल्मेट, आत गार पाणी. "थंडी वाजते," एवढंच म्हणाल्या. बाई पूर्ण जाग्या, हातात थांबवायचं बटण.

औषध चालू झालं. शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडले, तांबड्या पेशीहूनही लहान. लहरींच्या तालावर ते फुगतात-आकसतात आणि वाहिनीची भिंत आतून ढकलतात. जोर जास्त झाला तर रक्तस्राव व्हायचा, म्हणून हेल्मेटमधले सेन्सर बुडबुड्यांचा प्रतिसाद सतत ऐकत असतात. आम्हाला काहीच ऐकू येत नाही. दर फेरीनंतर डॉक्टर बाईंना बोटं हलवायला लावत, आजचा वार विचारत.

शेवटी गॅडोलिनियम, म्हणजे तेच कॉन्ट्रास्ट, देऊन स्कॅन. भिंत उघडली असेल तिथे ते झिरपतं आणि पांढरं चमकतं. गाठ स्वतः आधीपासूनच चमकते, तिच्यावर विश्वास ठेवून चालत नाही. बघायची होती तिची कड. तिथे ठिपके उमटले, ओळीने, रांगोळीला काढावेत तसे. माझ्या तोंडून मराठीतच "आलं!" निघालं.

फ्रेम काढताना बाईंनी विचारलंच, "सगळं ठीक ना?" मी सवयीने डॉक्टरांकडे बघितलं. ते म्हणाले, "उघडलं. चोवीस तासांत मिटेल."

"म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा?"

"तीन आठवड्यांनी."

बाईंनी टकलावरून हात फिरवला. "तीन आठवड्यांत कितीसे येणार," म्हणाल्या आणि टोपी मागितली.