ए-फ्रेम, फक्की आणि विहिरीची पातळी

डिसेंबर. सातारा जिल्ह्यातला माण तालुका.

रासेयोच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, हिवाळी शिबिरांचे दिवस. सात दिवस, पन्नासेक पोरं, डोंगरउतारावर सलग समतल चर, म्हणजे पावसाचं पाणी अडवायला एकाच पातळीवर खोदलेले लांब खड्डे. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास, असा तिचा हिशेब. तास भरतात हो, शिकणं भरतंच असं नाही. घाम गाळून शिकण्याचं साताऱ्याला अप्रूप नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली इथे वसतिगृह काढलं, तेव्हा पोरं राबूनच शिकत होती. पण टिकाव मारणं आणि पाणी कळणं या दोन गोष्टी वेगळ्या.

पहिल्या दिवशी खोदाई नकोच. आधी ए-फ्रेम बनवायची, उतारावर एकाच पातळीची रेषा आखायला. सारख्या लांबीच्या दोन काठ्या, मध्ये आडवी पट्टी, शेंड्याला दोरी आणि दोरीला दगड. दोन्ही पाय जिथे टेकतील तिथे खुंट्या ठोकायच्या आणि दोरी पट्टीवर थांबेल तिथे पेन्सिलची रेघ ओढायची. मग पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर टेकवायचे, दुसरी रेघ ओढायची. दोन रेघांचा मध्य म्हणजे समपातळी. असं का, हे पोरांना विचारावं आणि अर्धा तास गप्प बसावं. आपण सांगून टाकलं की संपलं. दुपारचा वारा दोरी हलवतो, म्हणून आखणी सकाळीच.

हायड्रोमार्कर, म्हणजे पाणी भरलेल्या नळीने समपातळी दाखवणारं साधन, असेल तर काम झपाट्याने होतं, पण पारदर्शक नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला की सगळी रेषा चुकते. नळी बादलीतून हळू भरायची आणि दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका उंचीला येतं का, हे रोज पाहायचं. आखलेल्या रेषेवर फक्की, म्हणजे पांढरी पूड, टाकायची.

चर ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. म्हणजे मीटरमागे १८० लिटर, शंभर मीटरला एका भरणीत १८,००० लिटर. हा गुणाकार उतारावरच करून घ्यावा. दहा हजार लिटरचा टँकर या पोरांनी पाहिलेला असतो. मुरमात एकाच्या हातून सकाळभरात दोन-तीन मीटर झाले तरी पुष्कळ. माती खालच्या अंगाला टाकायची, पण काठापासून वीतभर जागा सोडून, नाहीतर पहिल्या सरीला ती परत चरात येते. ओघळ आला की चर अलीकडेच थांबवायचा. ओघळीत दगडांचा बांध घालायचा, चर आरपार नेला तर तो फुटणारच. टिकावाचे दांडे रात्री पाण्यात ठेवावेत. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि पातं निसटतं.

काम माथ्यापासून खाली यायला हवं. पुष्कळ शिबिरांत ते रस्त्यालगत सुरू होतं, कारण फोटो तिथे बरा येतो. वरून आलेला लोंढा मग खालचे चर फोडतो. गायरान असेल तर ग्रामपंचायतीची, वनखात्याची जमीन असेल तर त्यांची परवानगी आधी घ्यावी. आणि मेंढपाळांशी बोलणं तर त्याहून आधी. डोंगर त्यांच्या चराईचा, तेव्हा बांधावर मारवेल गवत पेरायचं की नाही हे त्यांच्याशिवाय ठरवू नये.

खरा धडा जूननंतर. पहिला मोठा पाऊस झाला की त्याच पोरांनी जाऊन चरात दोन्ही टोकांना काठीने पाणी मोजावं. एका टोकाला जास्त निघालं तर आखणी चुकली. शिवाय खालच्या दोन-तीन विहिरी ठरवून घ्याव्यात, ऑक्टोबरात आणि मार्चात पहाटे मोटार चालू होण्याआधी कठड्याच्या एकाच खुणेपासून टेपने पातळी मोजावी, शेजारी पावसाचा आकडा लिहावा. पाऊसच जास्त झाला असेल तर वाढलेल्या पाण्याचं श्रेय चरांना देता येत नाही, हे वहीच सांगते.

मोजणारी पोरं दोन वर्षांनी बाहेर पडतात. म्हणून वही कॉलेजात ठेवावी, आणि मार्चच्या फेरीला पहिल्या वर्षाची दोन मुलं सोबत न्यावीत.