ऑल्टोचं काळं प्लॅस्टिक पुन्हा काळं करताना

आमची ऑल्टो 2011 ची. पत्र्याचा रंग अजून धड आहे, पण वायपरखालची जाळी आणि दोन्ही आरशांची टोपणं पार राखाडी पडली होती. साताऱ्याच्या उन्हात गाडी कायम उघड्यावर. उन्हाने प्लॅस्टिकचा वरचा थर मरतो आणि पिठासारखा सुटतो. जाळीवरून बोट फिरवलं की करडी पूड लागायची.

तीन वर्षांपूर्वी मी ही जाळी एकदा रंगवली होती. ओल्या फडक्याने पुसली, काळ्या स्प्रेचा डबा मारला, संध्याकाळपर्यंत नव्यासारखी दिसायला लागली. महिन्याभराने गाडी धुताना पाण्याची धार लागली आणि उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा रंग सुटून आला. खालचं प्लॅस्टिक जसंच्या तसं राखाडी. फार वाईट वाटलं होतं, कारण ही गाडी बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली आहे आणि ती नीट दिसावी असं मला मनापासून वाटतं.

यंदा मार्चमध्ये पुन्हा बसलो, पण या वेळी आधी सगळे भाग काढून उलटे करून पाहिले. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला ते कशाचं आहे हे बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. जाळीवर होतं पीपी, आरशांच्या टोपणांवर एबीएस. सगळा फरक इथेच आहे. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आपले स्वयंपाकघरातले कितीतरी डबे ज्याचे असतात ते. असा तडकलेला डबा गोंदाने कधी चिकटलाय का? त्याला काहीच धरत नाही, रंगही नाही. एबीएस हे दुसऱ्या जातीचं कडक प्लॅस्टिक. ते रंग बऱ्यापैकी धरतं, पण त्याला कडक थिनर सोसत नाही. टोपणाच्या आतल्या कोपऱ्यात थिनरचा बोळा फिरवून पाहिला, तर प्लॅस्टिक लगेच चिकट झालं. बाहेरून पुसलं असतं तर टोपण वायाच गेलं असतं.

जाळी काढण्याआधी वायपरची पाती काचेवर जिथे टेकतात तिथे मास्किंग टेपचे तुकडे लावून ठेवा. परत बसवताना दांडा थोडा जरी तिरका बसला तरी पातं काचेच्या कडेवर आपटतं. जुन्या क्लिपा मोडतात हे धरूनच चाला. माझ्या दोन मोडल्या, स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाल्या.

मग धुणं. माझ्या मते खरं काम हेच, आणि त्यावर मी अख्खा एक दिवस घालवला. गाडीच्या प्लॅस्टिकवर वर्षानुवर्षं जे चकाकीचं पॉलिश चोपडलेलं असतं त्यात सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉन राहिलं की ओला रंग तिथून मागे सरतो. माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि जुना दातांचा ब्रश घेऊन जाळीची एकेक फट घासली. सुकल्यावर स्पिरिटने पुसली. पुसायला बाबांच्या जुन्या धोतराचं पांढरं फडकं घेतलं, कारण पांढऱ्यावर मळ लपत नाही. पहिला तुकडा काळा, दुसरा करडा, पाचवा कुठे पांढरा निघाला.

घासण्याचंही दोन्हीकडे वेगळं. गुळगुळीत टोपणांना 600 आणि मग 800 नंबरचा पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून. जाळीला मात्र दाणेदार पोत असतो. तिथे पेपर घासला की दाण्यांची डोकी उडतात आणि रंगानंतर तेवढाच भाग गुळगुळीत चट्ट्यासारखा दिसतो. तिला भांडी घासायच्या हिरव्या घासणीने हलक्या हाताने चोळलं.

रंगाच्या दिवशी शेजारच्या काकू जिन्यातच भेटल्या. "अरे, आज कुरडया घालायच्यात गच्चीवर. तुझा तो फवारा उद्यावर ढकल बाबा." ढकलला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच सुरुवात केली, कारण दुपारी गच्चीवर वारं सुटतं. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका. रंगातलं थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला दमटपणा त्यावर धरतो आणि काळ्यावर पांढुरकी साय येते.

सगळे भाग कपड्यांच्या दोरीला तारेने टांगले. जाळीला आधी प्लॅस्टिक प्रायमर. हा पारदर्शक असतो, मारला की नाही तेही नीट कळत नाही, पण पीपीला रंग धरतो तो याच्याच जोरावर. त्यावर रंग कधी मारायचा ती वेळ डब्यावर लिहिलेली असते, ती पाळा. रंगाचा डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला (उकळत्या पाण्यात किंवा गॅसजवळ कधीही नको), मग आतली गोळी खुळखुळायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवला. अंतर एक वीत. बटण भागाच्या बाहेर दाबायचं, हात सरळ नेऊन पलीकडे बाहेरच सोडायचं. पहिला हात इतका विरळ की खालचं राखाडी दिसत राहिलं पाहिजे. इथेच मन उतावीळ होतं, आणि ओघळ येतो तो इथेच. दहा दहा मिनिटांनी असे तीन हात दिले. रंग सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचा काळा घेतला. चकचकीत काळा प्लॅस्टिकला शोभत नाही. आणि तोंडावर रुमाल बांधून भागत नाही, कार्बनच्या डब्या असलेला मास्कच हवा.

तासाभरात हाताला लागेनासा झाला, तरी आठवडाभर पाणी लावलं नाही. आठव्या दिवशी जाळीच्या क्लिपेजवळ, दिसणार नाही अशा जागी मास्किंग टेप दाबून चिकटवली आणि झटक्यात ओढली. टेप कोरी निघाली. बाबांनी ती हातात घेऊन उजेडात धरून पाहिली, मग जाळीवरून बोट फिरवलं आणि बोट पाहिलं.

डाव्या टोपणाच्या खालच्या कडेला एक ओघळ राहिलाय, तो 1000 च्या पेपरने उतरवून तेवढाच भाग पुन्हा मारणार आहे. आणि गाडी सर्व्हिसिंगला देताना आता आधीच सांगून ठेवतो, बाहेरच्या प्लॅस्टिकला पॉलिश लावू नका.