रुपया–पौंड तक्ता: १९१९-२० ची गाठ सुटली, पण रकाने बदलावे लागणार

जुन्या रुपया–पौंड विनिमयदरांच्या माझ्या तक्त्यातला फेब्रुवारी १९२० चा महिना अखेर जुळला! एका छापील तक्त्यात पौंडाला १० रुपये आणि दुसऱ्यात ७ च्या आसपास, अशी तीन रुपयांची फारकत मागच्या नोंदीपासून अडून बसली होती. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिल्यातला पौंड सोन्याचा आहे, दुसऱ्यातला कागदी.

चलनविषयक बॅबिंग्टन स्मिथ समितीच्या शिफारशीने रुपया २ शिलिंगांना (पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स) बांधला गेला तो सोन्याच्या शिलिंगांना. रुपयाला ११.३००१६ ग्रेन (वजनाचं जुनं बारीक माप) शुद्ध सोनं, म्हणजे एक पौंडाच्या सोन्याच्या नाण्याचा, सॉव्हरिनचा, बरोबर एक दशांश. पण त्या वेळी स्टर्लिंग, म्हणजे ब्रिटनचं पौंडाचं चलन, सोन्यापासून सुटलेलं होतं. त्या फेब्रुवारीत पौंड ३.४० डॉलरच्या आसपास होता आणि सोन्याच्या हिशेबाने तो ४.८६६५ असायला हवा होता. म्हणून १० × ३.४० ÷ ४.८६६५ = ६.९९ रुपये. उलट बाजूने, २४ पेन्स सोन्याचे म्हणजे कागदी स्टर्लिंगमध्ये सुमारे ३४⅓ पेन्स, २ शि. १०⅓ पे. ताळा घ्यायचा तर डॉलरवरून घ्या: तेव्हाच्या डॉलरमध्ये २३.२२ ग्रेन सोनं, भागिले ११.३००१६, म्हणजे डॉलरला २.०५ रुपये. तिन्ही बाजू जुळल्या की त्रिकोण बंद होतो. एखाद्या तक्त्यात नुसतं ‘२ शि.’ दिसलं तर ही परीक्षा घेतल्याशिवाय आकडा उचलू नका.

त्याआधीच्या सरकारी दराच्या पायऱ्या आता स्वच्छ बसल्या आहेत: ऑगस्ट १९१७ ला १ शि. ५ पे., एप्रिल १९१८ ला १ शि. ६ पे., मग १९१९ मध्ये मे, ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर, डिसेंबर अशा उड्या मारत २ शि. ४ पे. (२४० ÷ २८ = ८.५७ रुपये). कारण चांदी. रुपयात १६५ ग्रेन शुद्ध चांदी, त्यामुळे लंडनला स्टँडर्ड (९२.५ टक्के शुद्ध) चांदी औंसाला ४३ पेन्सांच्या वर गेली की १६ पेन्सांचा रुपया वितळवणं फायद्याचं ठरतं. चांदीचा रकाना शेजारी ठेवला तर प्रत्येक उडी का झाली ते दिसतं.

खरा गुंता पुढे आहे. जून १९२० च्या अखेरीस सरकारने सोन्याचा नाद सोडून २ शि. स्टर्लिंग धरलं, २८ सप्टेंबर १९२० ला रिव्हर्स काउन्सिलची (भारतात रुपये घेऊन लंडनला पौंड देणाऱ्या सरकारी हुंड्यांची) विक्रीच थांबवली, आणि १९२१ च्या सुरुवातीला बाजारभाव १ शि. ४ पेन्सांच्याही खाली होता. कायद्यात मात्र सॉव्हरिनला १० रुपये हाच दर १९२७ पर्यंत तसाच राहिला. ज्या आलेखात १९२० ते २७ अशी १० रुपयांची सपाट रेघ दिसते, तो आलेख माझ्या मते टाकून द्यावा. सप्टेंबर १९२० नंतर बाजारात त्या दराने हुंडी वटत नव्हती.

म्हणून एका रकान्यात सगळं कोंबण्याचा बेत रद्द. आता तीन रकाने: कायद्याचा दर, सरकारी विक्रीचा दर, बाजाराची हुंडणावळ (विनिमयदर). बाजाराच्या रकान्यात फक्त तारेने पैसे पाठवण्याचे दर (टीटी) घ्यायचे. मुदतीच्या हुंडीत व्याज मिसळलेलं असतं, ती त्यात घुसली की पेन्साचे अपूर्णांक उगाच हलतात.

सरासरीचाही सापळा आहे. जुने दर ‘रुपयाला किती पेन्स’ असे असतात. वर्षाची पेन्सांतली सरासरी काढून ती उलटवली तर चूक होते. समजा अर्धं वर्ष २८ पेन्स, अर्धं १६ पेन्स. सरासरी २२, उलटवल्यावर १०.९१ रुपये. आधी दोन्ही उलटवले तर ८.५७ आणि १५, सरासरी ११.७९. दर स्थिर असताना फरक नगण्य असतो, १९२०-२१ मध्ये तो सगळा निकाल बदलतो. आधी महिनावार उलटवा, मग सरासरी. आणि एप्रिल–मार्च की जानेवारी–डिसेंबर, ते रकान्याच्या डोक्यावरच लिहा.

स्प्रेडशीटमध्ये १/८ टाइप केलं की त्याचं १ ऑगस्ट होतं. शिलिंग, पेन्स, अंश, छेद असे चार सुटे रकाने ठेवा, सूत्र: २४० ÷ (१२×शि. + पे. + अंश÷छेद). १ शि. ५ २९/३२ पे. = १७.९०६२५ पेन्स = १३.४०३१ रुपये. स्कॅनवरून अक्षरओळख करून घेताना हे बारके अपूर्णांक सर्रास बिघडतात; ते हातानेच भरलेले बरे. जुन्या अहवालांसाठी पुण्याच्या गोखले संस्थेच्या ग्रंथालयाचं डिजिटल भांडार फार मोलाचं आहे, पहिला शोध तिथेच घ्यावा.

हे लिहितानाच सुचलं: रुपयाला किती ग्रेन सोनं, असा चौथा रकाना का नको? १६ पेन्सांना ७.५३३४४, १८ पेन्सांना ८.४७५१२. मुंबईत ज्यावर एवढं रान पेटलं आणि ज्यासाठी पुरुषोत्तमदास ठाकूरदासांनी चलनविषयक हिल्टन यंग आयोगात भिन्नमत नोंदवलं, तो रुपया १६ पेन्सांचा की १८ चा हा वाद त्यात एका नजरेत मोजता येईल. सप्टेंबर १९३१ ची ताटातूटही दिसेल: पौंडाचा रकाना १३.३३ वरून हलत नाही, पण स्टर्लिंग सोन्यापासून सुटल्यामुळे ग्रेन घसरतात. मात्र डॉलरवरून काढलेला हा रकाना १९३३ च्या सुरुवातीला थांबवायचा, कारण पुढे डॉलरही सुटतो.

१९४९ नंतरचा भाग त्या मानाने सरळ आहे (डॉलरचे रुपये × पौंडाचे डॉलर): ४.७६ × २.८० = १३.३३, ६ जून १९६६ नंतर ७.५० × २.८० = २१; नोव्हेंबर १९६७ ला पौंड २.४० वर उतरल्यावर १८. डिसेंबर १९७१ ला १८.९६७७. ऑगस्ट १९९३ पूर्वीचे बँकांचे भाव १०० रुपयांना किती परकीय चलन असे आहेत, त्यामुळे उलटवण्याचा तोच नियम तिथेही लागू. आधी एप्रिल १९२० ते मार्च १९२१ चे बारा महिने चारही रकान्यांत भरायचे, बाकी सगळं त्यानंतर.