हिवाळाभर सातपुड्यात: नरनाळा, गाविलगड आणि मधलं बरंच काही

पुण्याला नोकरीला लागलेले आमचे दोन मित्र सुटीत गावी आले की सह्याद्रीतल्या गडांचे फोटो दाखवून जीव खातात. या हिवाळ्यात त्यांना म्हटलं, आपल्या शेताच्या धुऱ्यावरून उत्तरेला जो सातपुड्याचा निळा डोंगर दिसतो, तोच आधी बघून घेऊ. मग फेब्रुवारीपर्यंत जमेल त्या रविवारी मोटारसायकली काढल्या. एक जण पुण्याहून चढाईचा दोर घेऊन आला होता. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असले खेळ चालत नाहीत, त्यामुळे तो दोर हिवाळाभर कपडे वाळत घालायलाच कामी आला.

सुरुवात नरनाळा किल्ल्यापासून करा. अकोला जिल्ह्यातल्या अकोटहून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर पायथ्याचं शहानूर गाव आहे. गड व्याघ्र प्रकल्पात येत असल्याने शुल्क भरून नोंद केल्याशिवाय वर सोडत नाहीत. गेट कोणत्या दिवशी बंद असतं, गाडी किती वाजेपर्यंत सोडतात, पायी जाऊ देतात का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. वर शहानूर, मेहंदी आणि महाकाली असे दरवाजे एकामागून एक लागतात. महाकाली दरवाजापाशी मात्र घाई करू नका. १४८७ मधला हा बहामनी दरवाजा म्हणजे लढाईसाठी बांधलेली वास्तू वाटतच नाही. दोन्ही बाजूंना सज्जे, दगडात कोरलेल्या नाजूक जाळ्या आणि कमानीवर अरबी शिलालेख. जाळीतून येणारं ऊन सकाळी समोरच्या भिंतीवर पडतं, ते बघत आम्ही तिथेच डबे उघडले. पुढे शक्कर तलाव आणि नऊगजी तोफ. जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड असे तीन किल्ले मिळून हा पसारा झालाय, एका दिवसात सगळा होत नाही. हट्टही करू नका.

चढ फारसा छळत नाही, छळतं ते कुसळ. हिवाळ्यात गवत वाळलं की कुसळं मोज्यात घुसतात आणि काढायला गेलं की निम्मी आतच तुटतात. लोकरी मोजे अजिबात नकोत. पूर्ण पँट घाला आणि पायाला खालून कापड गुंडाळा. सागाच्या वाळक्या पानांवरून उतरताना पाय सटकतो, तिथे काठी कामी येते. कड्याला आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही टाळा. आमच्यासोबतच्या गावकरी भाऊंनी निघतानाच दम दिला होता, "पोट्टेहो, फोटो काढा, पण बोंबलू नका."

गाविलगडासाठी परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला जायचं. परतवाड्यातच टाकी भरून घ्या. घाटात मोबाईलला रेंज येते-जाते, म्हणून घरी आधीच सांगून ठेवा. दिल्ली दरवाजावर हत्ती पकडलेल्या गंडभेरुंडाचं, म्हणजे दोन तोंडांच्या काल्पनिक पक्ष्याचं शिल्प आहे. मान वर करून नीट बघा, नाहीतर खालून निघून जाल. तटाच्या उत्तर टोकाला उभं राहिलं की या गडाचा सगळा इतिहास कळतो: बाकी बाजूंना सरळसोट कडे आणि इथेच तेवढी जमिनीची चिंचोळी पट्टी. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने याच अंगाने तट फोडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. पुण्याचे दोघं इथे पहिल्यांदा गप्प बसले, हे नोंदवून ठेवतो.

डिसेंबरात चिखलदऱ्याला रात्री हाडं गारठतात, स्वेटरवर भागत नाही. भीमकुंड धबधब्याचं पाणी बघायचं तर पावसाळ्यानंतर लगेच जा, जानेवारीत नुसता कडा दिसतो. येताना मोथा गावाला थांबून गवळ्यांकडचा खवा घ्या. मेळघाटातल्या सेमाडोह-हरिसाल गावांकडे जाणार असाल तर अंधाराच्या आत जंगलातून बाहेर पडा. अस्वल वाघापेक्षा जास्त वेळा आडवं येतं, असं तिकडचे कोरकू लोक सांगतात आणि ते थट्टेने सांगत नाहीत.

मुक्तागिरी या जैन तीर्थालाही गेलो. पायऱ्या आहेत, मंदिरं सुंदर आहेत, चढाई म्हणून काही नाही. घरच्या मोठ्यांना घेऊन जायला उत्तम.

जेवणाचं म्हणाल तर हॉटेलं शोधत बसू नका. जानेवारीत तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, कोणाच्या तरी ओळखीच्या वावरात ओल्या तुरीच्या दाण्यांचा सोलेभात होतोच. आमचा झाला नरनाळ्याहून उतरल्यावर, मित्राच्या मामाच्या शेतात. मामींनी चुलीवर वांग्याचं भरीत भाजलं आणि वर विचारलं, "काऊन रे, एवढं उनातानात हिंडून काय भेटते तुमाले?" उत्तर द्यायला तोंड रिकामं नव्हतं.

खर्चाचं सांगायचं तर पेट्रोल, गेटचं शुल्क आणि चिखलदऱ्याचा मुक्काम एवढाच. तोही शनिवार-रविवार सोडून गेलात तर बराच कमी होतो. परतताना परतवाड्याला संत्री घ्या. संत्र्याचे वर्षात दोन बहार येतात: डिसेंबरपर्यंत आंबिया बहार मिळतो, फेब्रुवारीत गेलात तर मृग बहाराची संत्री मागा.