तेविसाव्या दिवसाची अंघोळ

थोरलीच्या वेळी अंघोळ कधी घालायची हा प्रश्नच मला पडला नव्हता. २०१५ च्या डिसेंबरात नाशिकच्या एका खासगी दवाखान्यात ती झाली. तिचं रडणं ऐकलं, तोंड पाहिलं न पाहिलं तोच तिला बाजूला नेलं, आणि पाऊण तासात न्हालेली, पावडर लावलेली, दुपट्यात गुंडाळलेली पोर माझ्या आईच्या हातात आली. सगळ्यांना किती बरं वाटलं! मलाही. थोड्या वेळाने आईने दुपट्यात हात घातला तर पाय गार पडलेले. अंगावर घेतली तर ओढेना, नुसती पेंगत होती. मग धावपळ झाली, तिला वॉर्मरखाली ठेवलं. ती पहिल्यांदा माझ्या छातीशी आली तेव्हा सात तास उलटून गेले होते. आज ती ठणठणीत आहे, पण ते सात तास माझ्या मनातून गेलेले नाहीत.

धाकट्याच्या वेळी सातवा महिना लागताच मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तेव्हा त्या दिवशी काय झालं असावं ते समजलं. बाळ पोटात उबेत असतं. बाहेर येतं ते ओलं, आणि अंगावरचं पाणी वाळताना ऊब घेऊन जातं. त्यातून पुन्हा पाणी घातलं की आणखी ऊब जाते. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो, नव्या बाळाला ते धड जमत नाही. मानेपाशी, खांद्यांमध्ये त्याच्याकडे एक वेगळी चरबी असते, ती जाळून ते स्वतःला गरम ठेवतं. त्यात त्याची रक्तातली साखर खर्च होते, मग ओढायलाही त्राण राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की पहिली अंघोळ निदान २४ तास तरी घालू नये, आणि रिवाजापायी थांबणं शक्यच नसेल तर किमान सहा तास थांबावं. मला हे सात वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर!

मी तिथेच त्यांना विनंती केली की हे माझ्या फाइलवर लिहून द्या. त्यांनी लिहिलं: ‘अंघोळ नको, कोरडं पुसून आईच्या छातीवर.’ माझा सगळ्यांत उपयोगी पडलेला शहाणपणा हाच. कळांमध्ये असताना बाई कुणाशी काय वाद घालणार? जे ठरवायचं ते आधी ठरवून कागदावर आलेलं बरं. (आईला एचआयव्ही किंवा ब प्रकारची कावीळ असेल तर डॉक्टर वेगळं सांगू शकतात, म्हणून हे त्यांना विचारूनच ठरवावं.)

६ जानेवारी २०२३ ला, छत्तीस आठवडे भरून थोडे दिवस झाले होते तेव्हा, धाकटा आला. वजन २ किलो २०० ग्रॅम. सिस्टरनी त्याला गरम टॉवेलने पुसलं, टॉवेल बदलला, डोक्याला टोपडं घातलं आणि उघडाच माझ्या छातीवर ठेवला, वरून आम्हा दोघांवर पांघरूण. पाठीवर, काखेत, जांघेत लोण्यासारखा पांढरा लेप होता. लोक त्याला घाण समजून खसाखसा पुसतात. खरं तर पोटातल्या पाण्यात बाळाची कातडी जपायला तो तयार झालेला असतो आणि बाहेर आल्यावरही काही काळ कातडीला सुकू देत नाही. सिस्टर म्हणाल्या, ‘राहू द्या, जिरेल आपोआप.’ पहिल्या तासातच त्याने चीक प्यायला. मला रडू आलं, ते थोरलीसाठी.

खरी परीक्षा घरी होती. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. जानेवारीतली आमच्याकडची थंडी ज्याने सोसली आहे त्याला सांगायला नको. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं की बाळ अडीच किलोच्या आत आहे, तेव्हा नाळ पडून वजन अडीच किलो होईपर्यंत पाणी घालू नका, नुसतं पुसा. हे ऐकून आजी कपाळाला हात लावून बसली. तिच्या हिशेबात पाचवीला बाळाला न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, मग रात्री सटवाई नशीब लिहायला येणार. ‘पारोसं लेकरू तिच्यापुढं ठेवायचं का गं?’ तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला तिच्याशी भांडायचं नव्हतं. माझी सगळी भावंडं, मीसुद्धा, तिच्याच पायावर न्हालो आहोत.

वाट काढली ती बाबांनी. त्या दिवसांत ते रात्री उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायचे, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. ते आजीला एवढंच म्हणाले, ‘आई, मण्यासाठी मी रात्रभर जागतो, आणि या पोराला आपण भिजवायचं?’ आजी काही बोलली नाही. पण संध्याकाळी तिनेच कोमट पाण्यात मऊ फडकं पिळलं आणि बाळाचं तोंड, मान, जांघा पुसल्या, एक भाग पुसायचा, लगेच कोरडा करायचा, झाकायचा, मग पुढचा. तेवढं पुसणं तिने अंघोळ म्हणून मानलं. पाटा-वरवंट्याची पूजा झाली.

सासूबाई सिन्नरहून बारशाला आल्या त्या बाळंतवेखंड, डाळीचं पीठ आणि धुरीसाठी ओवा घेऊन. मी म्हटलं, ‘अहो आई, अजून अंघोळ नाही घातलेली.’ त्या गप्प झाल्या, नाराज झाल्याचं दिसत होतं. बारा दिवसांचं, एकदाही न न्हालेलं बाळ पाळण्यात घालायचं, बायका काय म्हणतील? म्हणाल्याच बायका. एकीने तर बाळाचं डोकं हुंगून पाहिलं. पण तेवढ्यात आमच्या आशाताई, म्हणजे गावातल्या सरकारी आरोग्य कार्यकर्त्या, फेरीला आल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी काखेत थर्मामीटर लावून पाहिलं, वजन केलं आणि शांतपणे समजावलं. सुनेचं बोलणं आणि आशाताईंचं बोलणं यांत फरक पडतोच. घरोघर जाऊन नवजात बाळ बघण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून उभी केली, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि पुढे आशाताईंकडे ते काम देशभर आलं. माझ्या घरात मला त्याचा आधार मिळाला, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

आशाताईंनी सासूबाईंना एक खूण शिकवली. बाळाच्या पोटाला आणि तळपायाला उलट्या हाताने स्पर्श करायचा. दोन्ही गरम, तर बाळ ठीक. पोट गरम आणि पाय गार, तर त्याला थंडी वाजतेय, छातीशी घ्यायचं. दोन्ही गार, तर लगेच दवाखाना. त्या दिवसापासून सासूबाई दर तासाला तळपाय चाचपायच्या. रात्री मी झोपले की हे शर्टाची बटणं काढून त्याला छातीवर घेऊन बसायचे, वरून माझी शाल.

नाळ नवव्या दिवशीच पडली होती. तिला हळद, तेल, काही लावलं नव्हतं, कोरडीच ठेवली होती. वजन मात्र आधी उतरलं, मग हळूहळू चढलं. बाविसाव्या दिवशी काटा २ किलो ५२० वर आला आणि डॉक्टरांनी फोनवर हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, २८ जानेवारीला, मालिशवाल्या मावशींना मुद्दाम अकराला बोलावलं. ऊन चांगलं वर आलेलं, खिडक्या बंद, पंखा बंद, टॉवेल उन्हात तापवलेले. पाजून अर्धा-पाऊण तास झाला होता. मावशींशी मी आदल्या दिवशीच बोलले होते: टाळूवर तेल थापायचं नाही, नाका-कानांत तेल घालायचं नाही, डाळीचं पीठ नको, धुरी नको, आणि पाच मिनिटांत आटपायचं. त्या म्हणाल्या, ‘पाच मिनिटांत काय होतंय, ताई?’ पण ऐकलं त्यांनी. पाटावर बसून पाय लांब केले, कोपर बुडवून पाणी बघितलं, मलाही बघायला लावलं, आणि त्याला पायांवर पालथा घेतला. अंगावर पाणी पडताच तो दचकला, मुठी आवळल्या, एकदा ओरडला. मग मावशींनी पाठीवर हात ठेवून तांब्या हळू कलता केला, आणि तो गप्प झाला. मुठी सुटल्या. डोकं शेवटी धुतलं, कारण डोकं ओलं राहिलं की ऊब तिथूनच जास्त जाते. लगेच तापलेल्या टॉवेलात, टोपडं, माझ्या छातीशी.

सासूबाई पुढे आल्या, दुपट्याची कड वर केली आणि उलट्या हाताने तळपाय बघितले. मग आजीकडे वळून म्हणाल्या, ‘गरम आहेत हो.’