तुम्ही विचारलंत म्हणून: चादरींच्या गावात गोधड्या कशाला?

"सोलापुरात राहून गोधड्या कसल्या शिवत बसलाय? चांगल्या दहा-वीस चादरी विकत घ्या, वाटा आणि मोकळ्या व्हा!" नातलग असं म्हणतात. चाटी गल्लीतले दुकानदार दोऱ्याची रिळं बांधून देताना म्हणतात. परवा एका साखरपुड्यात मुलाकडच्या काकूंनीही तेच विचारलं. आम्ही गल्लीतल्या काही जणी मिळून गोधड्या, बाळांची दुपटी, आजारी माणसाच्या अंगाखाली घालायची पॅड असं शिवतो. ते ऊसतोडीच्या टोळ्यांना, सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणींना आणि वृद्धाश्रमांना देतो. यात दुपारच्या दुपारी जातात हे खरंच आहे, तेव्हा विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. पण दर वेळी उभ्या-उभ्या अर्धंच उत्तर दिलं जातं. आज पूर्ण देते.

आधी चादरीबद्दल बोलते, कारण माझं लहानपण मागाच्या खडखडाटात गेलं. १८७७ साली इथे 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली, पुढे आणखी मिली आल्या आणि या गावाच्या घड्याळाचे काटे भोंग्यावर फिरू लागले. मिली बंद पडल्या, तरी पूर्व भागातले माग थांबले नाहीत. जेकार्ड या नक्षी विणणाऱ्या मागावर विणलेली, दोन्ही बाजूंनी नक्षी दिसणारी सुती चादर सोलापूरचं नाव घेऊन देशभर गेली. २००५-०६ मध्ये चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकनही मिळालं. मला या चादरीचा अभिमान आहे आणि ज्यांना तिचा उपयोग होतो त्यांना आम्ही चादरीच देतो. वसतिगृहातल्या मुलीला खाट असते, गादी असते. तिला गोधडी देऊन काय करायचं? तिथे चादरच हवी.

पण चादर हे पांघरूण आहे. ज्याच्याखाली आधीच काही आहे, त्याला ती ऊब देते. जमिनीवर झोपणाऱ्याची अडचण निराळी असते. थंडी त्याला वरून लागते त्याहून जास्त खालून लागते, कारण अंगाची ऊब जमीन ओढून घेत राहते. अशा माणसाला दोन चादरी पांघरायला दिल्या तर त्यातली एक तो खाली घालतो, आणि विणलेलं कापड अंगाच्या भाराखाली चेपून जातं. गोधडीत तीन-चार थर असतात. त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि जवळजवळ घातलेल्या टाक्यांमुळे थर जागचे हलत नाहीत. ती अंथरता येते, पांघरता येते, गुंडाळून उशाला घेता येते. बिऱ्हाड पाठीवर असलेल्या माणसाला एका वस्तूत तीन मिळतात.

हे मला सगळ्यात जास्त उसाच्या फडावर पटलं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत ते सांगायला नको. दिवाळीच्या मागे-पुढे बीडकडून आणि इतर कोरडवाहू भागांतून टोळ्या उतरतात आणि हंगाम संपेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत, कोप्यांमध्ये राहतात. पाचटाच्या भिंती, वर प्लास्टिकचा कागद, खाली काळी जमीन आणि दारातच तीन दगडांची चूल. पहाटे अंधारात बाई उठते, भाकरी थापते, तान्हं पोर घेऊन फडावर जाते. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांतली पहाटेची थंडी आपल्याला पक्क्या घरात बोचते. तिचं पोर तेव्हा बांधावर निजलेलं असतं.

शिवायला घेण्याआधी आम्ही एक नमुना घेऊन मोहोळ तालुक्यातल्या एका तळावर गेलो होतो. एका बाईने तो हातात घेतला, तळहातावर तोलला, कोपरा चिमटीत धरून जाडी बघितली आणि म्हणाली, "ताई, जाड शिवू नका. दव पडतंय, भिजली की दोन-दोन दिस वाळत न्हाई. आन् पांढरी नगं, पाचटाची काजळी बसती." मग तिने स्वतःची वाकळ दाखवली. चार बाजूंना बंद लावलेले होते. मी विचारलं, हे कशाला? गाडीवर बिऱ्हाड लादताना भांडी आत घालून गाठोडं बांधता यावं म्हणून! तेव्हापासून टोळ्यांसाठीच्या प्रत्येक गोधडीला आम्ही नाडीचे चार बंद लावतो. दुकानातल्या कुठल्या पांघरुणाला ते मिळणार?

चूल दारातच असते, हीसुद्धा ध्यानात ठेवायची गोष्ट. पॉलिस्टरवर ठिणगी पडली की ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. सुती कापडालाही आग लागते, पण ते असं वितळून अंगाला चिकटत नाही. म्हणून टोळ्यांच्या गोधडीत आतल्या थरालासुद्धा आम्ही सिंथेटिक साडी घालत नाही, मग ती कितीही नवी असो. दिवाळीत वाटली जाणारी पातळ, चमकदार ब्लँकेटं बघितली की माझा जीव खालीवर होतो. देणाऱ्याची भावना चांगलीच असते, पण ते ब्लँकेट पांघरून बाई चुलीपुढे बसणार असते.

दवाखान्याचं गणित पुन्हा वेगळं. तिथे दुपटी लागतात आणि ती फिक्या रंगाचीच लागतात. नाळेतून रक्त आलं, बाळाचा रंग बदलला, तर ते पटकन नजरेस पडावं, असं तिथल्या सिस्टरनी आम्हाला समजावून सांगितलं. बटण नको, हुक नको, लेस नको. दोऱ्याचं टोक मोकळं राहिलेलं तर अजिबात चालत नाही, कारण तान्ह्या बाळाच्या बोटाला दोरा गुंडाळला गेला तर बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. दुपटं शिवून झालं की आमच्यातली एक जण नुसती उलटसुलट करून टोकं शोधते. आणि ते बाळाच्या अंगाखाली घालायला किंवा गुंडाळायला असतं. झोपलेल्या बाळाच्या तोंडापर्यंत जाड पांघरूण ओढायचं नाही, हे देताना प्रत्येक आजीला सांगावं लागतं. आज्या ऐकतात, पण दोनदा सांगावं लागतं.

कमी वजनाच्या बाळांसाठी एक लांब पट्टाही शिवतो. आईच्या उघड्या छातीवर बाळ उभं ठेवायचं आणि दोघांभोवती हा पट्टा बांधायचा, म्हणजे आईच्या अंगाची ऊब बाळाला मिळते. कांगारू पद्धत म्हणतात तिला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियात, बोगोटाच्या एका रुग्णालयात इन्क्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा डॉक्टरांनी ही वाट काढली आणि आता जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करते. आमच्याकडे त्यासाठी वापरून वापरून मऊ झालेली सुती नऊवारी वेगळी काढून ठेवतात. नव्या कापडातली खळ जायला बरेच धुवे लागतात. आजीच्या साडीची केव्हाच गेलेली असते.

वृद्धाश्रमासाठी शिवतो ते पॅड मात्र अस्सल सोलापुरी आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची लघवी वरच्या वर शोषली गेली नाही तर गादी खराब होते आणि ओल्यात पडून राहिल्याने कातडी सोलवटते. बाजारातली एकदा वापरून टाकायची पॅड रोज परवडत नाहीत. आपल्याकडे टॉवेलचा सेकंड माल मिळतो. कुठे धागा सुटलेला, कुठे काठ वाकडा, पण पाणी शोषायला पहिल्या नंबरचा. वर मऊ सुती कापड, मध्ये टेरी टॉवेलचे दोन थर आणि खाली पाणी न झिरपणारं कापड. वरचे तीन थर एकमेकांना मधूनही टाचायचे, पण खालच्या कापडाला मध्ये सुई लावायची नाही. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी गादीत उतरतं. ते तीनच बाजूंनी कडेला शिवायचं आणि चौथी बाजू मोकळी ठेवायची, म्हणजे धुतल्यावर आत वारा जातो आणि पॅड लवकर वाळतं. आपलं ऊन तर आहेच! बाकीचे सोलापूरच्या उन्हाला कितीही नावं ठेवोत, धुतलेल्या कापडाच्या बाबतीत त्याच्यासारखा मदतनीस नाही. सगळ्या जुन्या साड्याही आम्ही उन्हाळ्यातच धुऊन, कडकडीत वाळवून, बांधून ठेवतो.

गोधडी हातानेच का, हेही बरेच जण विचारतात. दुपटी आणि पॅड आम्ही मशीनवर शिवतो. मोठी गोधडी मशीनखाली घातली की थर सरकतात, चुण्या पडतात आणि तिचं ओझं सांभाळता सांभाळता खांदे भरून येतात. हाताने मात्र ती जमिनीवर पसरून, चौघींनी चार कोपरे ताणून, आधी लांब कच्चे टाके घालून घेतले की थर हलत नाहीत. मग कडेने आत आत धावदोरा. आमच्या शेजारच्या अक्का या कामात सगळ्यांच्या पुढे. गोधडीला त्या बोंता म्हणतात आणि तेलुगू-मराठी मिसळून आम्हाला रागावतात. आयुष्यभर त्यांनी विड्या वळल्या. तेंदूपानावर पत्रा ठेवून एका मापाची पानं कापायची सवय हातात इतकी बसलीय की ठिगळंही त्या पत्र्यावरच कापतात. पत्रा ठेवला, कात्री फिरली, चौकोन खाली पडला, नजर वर कुठेतरी दुसरीकडेच. अंगुस्तान घातलेल्या बोटाने सुई ढकलत पाच-सहा टाके सुईवरच गोळा करतात आणि मग एकदम दोरा ओढतात. दोन ओळींमध्ये दोन बोटांचं अंतर, मोजल्याशिवाय. माझ्या ओळी त्यांच्या ओळींशेजारी आल्या की त्या काही न बोलता गोधडी माझ्याकडून फिरवून घेतात आणि पुढची ओळ स्वतः घालतात.

अक्कांना आम्ही मजुरी देतो. हे ऐकल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, "दानाचं काम ना, मग पैसे कसले?" माझं मत स्पष्ट आहे. ज्यांचं घर पेन्शनवर किंवा मुलांच्या पगारावर चालतं, त्या माझ्यासारख्यांनी वेळ द्यावा. जिच्या घरी दुपारच्या विड्यांवर संध्याकाळचा बाजार येतो, तिला विड्या सोडून फुकट सुई धरायला लावायची आणि पुण्य आपण घ्यायचं, हे मला पटत नाही. वर्गणीतले सगळ्यात जास्त पैसे मजुरीवर जातात आणि मला त्याचं समाधान आहे.

देताना फोटो काढत नाही, हेही सांगून टाकते. वर्गणी देणाऱ्यांना घडी घातलेल्या गोधड्यांचा फोटो पाठवतो. हात पुढे केलेल्या बाईचा नाही.

आता जो प्रश्न या सगळ्यांनंतर येतो तो, "आमच्याकडे जुने कपडे पडलेत, पाठवू का?" पाठवा. पण पाठवण्याआधी ते कापड उजेडात धरून बघा. बोटांनी ताणल्यावर जे फाटतं ते गोधडीत एक हिवाळाही टिकणार नाही. सुती साड्या, धोतरं, जुन्या चादरी, मऊ झालेले पलंगपोस, उपरणी, हे सगळं हवं. सिंथेटिक साड्यांच्या पिशव्या आणि गादीखाली घालायची फडकी होतात, म्हणून त्या वेगळ्या बांधा. आपल्याकडे गणवेशाचे कारखाने बरेच, त्यांचं कातरण पोत्यांनी मिळतं. त्यात टेरीकॉट फार असतं, त्याची पायपुसणी करतो. ओळखीचा कोणी सुती कापड कापणारा असेल तर मात्र त्याचा पत्ता जरूर द्या. दोरा विकत आणावा लागतो, तेव्हा कपड्यांऐवजी जाड सुती दोऱ्याची रिळं दिलीत तरी फार मोठं काम होईल.

टोळ्यांसाठीचं काम दसऱ्यापर्यंत हातावेगळं व्हावं लागतं, म्हणून त्यांच्यासाठीचं कापड श्रावणाच्या आत आलं तर बरं. दुपटी आणि पॅड बारा महिने लागतात. कपडे धुऊन, पूर्ण वाळवून आणा. बटणं आणि हुक काढून एका पुडीत द्या, ते आम्हाला पिशव्यांना लागतात. आणि साड्या असतील तर फॉल घरीच उसवून आणा. एका साडीचा फॉल उसवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात अक्कांची धावदोऱ्याची एक अख्खी ओळ होते.