वानखेडेवर जायचं होतं, पण बाबांचा दुसरा डोस कागदावर नव्हता

२०२२च्या आयपीएलची तिकिटं २३ मार्चला विक्रीला आली, तेव्हापासून मला ओळखीच्यांचे फोन सुरू झाले. "डिसेंबरात तू बाबांना टेस्ट मॅचला घेऊन गेली होतीस ना? काय काय लागतं?" त्या वर्षीचे सगळे साखळी सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याजवळच्या गहुंज्यात होते, प्रेक्षक पंचवीस टक्के. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकायचं ठरवलं. तिकीट काढणं, प्रवास, गेट, यात काही अवघड नाही. अवघड गेलं ते अडुसष्ट वर्षांच्या, करोनाच्या लसीचे दोन्ही डोस वेळच्या वेळी घेतलेल्या माणसाने दोन्ही डोस घेतले आहेत हे सिद्ध करणं.

डिसेंबर २०१६ नंतर वानखेडेवर कसोटीच झाली नव्हती. २०२१च्या डिसेंबरात न्यूझीलंडविरुद्धची मिळाली आणि सरकारने पंचवीस टक्के प्रेक्षकांना परवानगी दिली. स्टेडियममध्ये साधारण तेहतीस हजार माणसं मावतात, म्हणजे आठेक हजारांना जागा. बाबांनी तिथली पहिली कसोटी पाहिली आहे, जानेवारी १९७५ची, क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद २४२ धावांची. करोनाच्या पावणेदोन वर्षांत ते डोंबिवलीच्या बाहेर जवळजवळ गेले नव्हते. टेस्ट जाहीर झाली तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण पेपरातलं ते पान त्यांनी रद्दीत टाकलं नाही. मी ठरवलं, न्यायचंच.

अट एकच होती: दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्याला चौदा दिवस उलटलेले हवेत. लोकलच्या तिकिटालाही तीच अट. म्हणजे एका प्रमाणपत्रावर गाडीही अडलेली आणि गेटही.

मी कोविन या सरकारी लसीकरण पोर्टलवर लॉगिन केलं तर माझ्या मोबाइल नंबराखाली बाबा दोनदा. दोन वेगळी कार्डं आणि दोन्हींवर 'पहिला डोस'. एका कार्डावर आधारचे शेवटचे चार आकडे, मार्च २०२१ची तारीख, पूर्ण नाव, जन्मवर्ष १९५३. दुसऱ्यावर पॅन, जूनची तारीख, मधलं नाव गायब आणि जन्मवर्ष १९३५. पहिला डोस त्यांनी सरकारी केंद्रावर घेतला होता. दुसरा आमच्या संकुलाच्या क्लबहाउसमध्ये एका खासगी रुग्णालयाने भरवलेल्या शिबिरात. चौऱ्याऐंशी दिवसांचं अंतर आम्ही कॅलेंडरवर खूण करून पाळलं होतं. शिबिरात नोंदी करायला बसलेल्या मुलाने जुनी नोंद शोधलीच नाही. समोर आलेलं पॅनकार्ड घेतलं, नवीन नोंदणी केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. आकडे उलटे पडले ते त्या घाईत. सरकारी दप्तराच्या लेखी बाबा म्हणजे एकेक डोस घेतलेली दोन निराळी माणसं होती.

याची धास्ती साधी नव्हती. कांदिवलीच्या एका सोसायटीतलं बोगस लसीकरण शिबिर त्याच वर्षी जूनमध्ये उघडकीला आलं होतं. लोकांना जे टोचलं ते लस नव्हतंच, अशी ती बातमी. आमचं शिबिरही जूनचंच. बाबांनी मला विचारलं, "आपलं खरं होतं ना गं?" कार्डावर बॅच नंबर होता, लस देणाऱ्याचं नाव होतं, तारीख बरोबर होती. ते त्यांना दाखवलं तेव्हा ते निवांत झाले. पण साठी उलटलेल्या माणसाच्या मनात हा प्रश्न केवळ एका नोंदीच्या निष्काळजीपणाने यावा, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग चकरा. रुग्णालयाच्या काउंटरवर सांगितलं की शिबिराची माहिती बाहेरच्या एजन्सीकडे असते. एजन्सीचा म्हणून दिलेला नंबर कोणी उचलेना. एका सरकारी कार्यालयात गेले तर म्हणाले, खासगीतला डोस आहे, त्यांनाच दुरुस्त करायला सांगा. परत रुग्णालयात, तर "मॅडम, ते आता आमच्या हातात नाही, पोर्टलवरूनच होतं." पोर्टलवरून म्हणजे कुठून, हे विचारलं तर मान दुसऱ्या खिडकीकडे. आणि मग एकाने मला जो सल्ला दिला तो मी शब्दशः लिहिते: "मॅडम, आजोबांना अजून एक डोस देऊन टाका ना. आधीच्या नोंदीवर दुसरा म्हणून चढवतो, फायनल लगेच येईल."

कागद नीट व्हावा म्हणून म्हाताऱ्या माणसाला गरज नसलेलं इंजेक्शन! मी तिथे आवाज चढवला. आजूबाजूचे दोघेजण पुढे आले, त्यांच्याही घरी तोच घोळ होता आणि त्यातल्या एकाने हा सल्ला मानायचं जवळपास ठरवलं होतं. कृपा करून असलं काही करू नका. डोस शरीराला द्यायचा असतो, फाइलला नाही.

उपाय होता आणि तो फुकट होता. कोविन पोर्टलवर लॉगिन केलं की तक्रार नोंदवायचा एक पर्याय होता. त्यात प्रमाणपत्र दुरुस्ती हा एक भाग आणि पहिल्या डोसची दोन प्रमाणपत्रं जोडून अंतिम प्रमाणपत्र मिळवणं हा दुसरा. काउंटरवरच्या एकानेही हे सांगितलं नव्हतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने पाच मिनिटांत शोधून दिलं. आधी दुरुस्ती, मग जोडणी, हा क्रम महत्त्वाचा, कारण दोन कार्डांवरची नावं आणि जन्मवर्षं जुळलीच नाहीत तर ती एकाच माणसाची कशी मानायची? दुरुस्ती एकदाच करायला मिळत होती, म्हणून आधार समोर धरून एकेक अक्षर ताडून पाहिलं. नाव आणि जन्मवर्ष सुधारलं, ते चढेपर्यंत थांबले, मग जोडणीचा अर्ज टाकला. आणि वाट पाहिली. रोज सकाळी दूध तापवताना लॉगिन, ओटीपी, तीच दोन कार्डं. बाबा म्हणायला लागले, "राहू दे आता, टीव्हीवर बघू. तुझी किती दगदग." मला ते ऐकवत नव्हतं.

ज्या सकाळी दोनाचं एक कार्ड झालं आणि त्यावर दोन्ही तारखा एकाखाली एक दिसल्या, तेव्हा मी स्वयंपाकघरातूनच ओरडले. प्रिंट काढून आणली, लॅमिनेट केली. ती त्यांनी पाकिटात ठेवली आहे. हे काम मी कोणाच्या ओळखीशिवाय, कोणाला पैसे न देता पार पाडलं याचा मला अभिमान आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येते, कारण फोन करणाऱ्यांपैकी निम्मे आडून तोच विचारत होते: जावं का? माझा भाऊ पुण्याला असतो. तो ठाम विरोधात होता. "ताई, हौसेपायी बाबांना कुठे नेतेस? बेर्गामोचं विसरलीस?" फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटा आणि व्हॅलेन्सियाचा फुटबॉल सामना इटलीत मिलानला झाला. चाळीस हजारांहून जास्त प्रेक्षक, त्यातले बहुतेक शेजारच्या बेर्गामोचे, आणि पुढे त्या शहरात जे झालं ते जगाने पाहिलं. त्याचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. मार्च २०२१ मध्ये अहमदाबादला इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या दोन टी-ट्वेंटीला हजारोंची गर्दी जमली होती, तेव्हा मीही संतापले होते. लस जेमतेम सुरू झाली होती, रुग्ण वाढत होते. पुढचे तीन सामने बंद दाराआड झाले तेच योग्य. त्याच महिन्यात गहुंज्याचे तिन्ही एकदिवसीय सामने प्रेक्षकांविना झाले, अंगावर तिरंगा रंगवणारा सुधीर मागच्या टेकडीवरून मॅच बघत होता, आणि मला तेव्हाही ती बंदी पटली होती.

पण डिसेंबरात परिस्थिती वेगळी होती. बेर्गामोच्या वेळी लस नव्हती, चाचण्या जेमतेम होत्या, प्रेक्षकांवर मर्यादा नव्हती. इथे चौथाई माणसं, दोन डोसांची अट, डोक्यावर आकाश उघडं. आणि आयपीएल २०२१चा पहिला टप्पा तर पूर्ण रिकाम्या स्टँडांसमोर झाला होता, तरी खेळाडूंना संसर्ग होऊन ४ मे रोजी स्पर्धा थांबलीच. मैदान रिकामं ठेवलं की सगळे सुरक्षित, इतकं हे सोपं नाही. मुंबईच्या लोकलमध्ये रोज जी माणसं खांद्याला खांदा लावून जात होती, त्यांच्यापेक्षा वानखेडेच्या उघड्या स्टँडमधला माणूस जास्त धोक्यात होता असं मला कोणी समजावून देऊ शकलं नाही. भाऊ म्हणाला, "निदान मास्क काढू देऊ नकोस." ते मी मान्य केलं.

ओमिक्रॉन या करोनाच्या नव्या प्रकाराची बातमी नेमकी त्याच आठवड्यात आली. आणि राज्यातला पहिला रुग्ण सापडला तो आमच्या कल्याण-डोंबिवलीत, ४ डिसेंबरला, ज्या शनिवारी आम्ही मैदानात होतो. ही बातमी आदल्या दिवशी आली असती तर मी बाबांना नेलं असतं का? मी यावर बराच विचार केला आहे. नेलं असतं, पण गाडीने, आणि गर्दी सुटायच्या आधी निघून आले असते. जानेवारीत रुग्ण झपाट्याने वाढले आणि मैदानं पुन्हा बंद झाली, त्यालाही माझा विरोध नव्हता. आकडे वाढले की दार लावा, उतरले की उघडा. मात्र उघडता तेव्हा आत येण्याचा हक्क ज्याचा आहे त्याला कोणा ऑपरेटरच्या चुकीपायी बाहेर ठेवू नका. ज्यांनी घरात सगळ्यात जास्त काळ कोंडून घेतलं ते हेच वयस्क लोक. मोबाइल दुसऱ्याचा, ओटीपी दुसऱ्याकडे, इंग्रजी पोर्टल. गेटवर एक मदत टेबल ठेवा, दोन्ही डोसांचे एसएमएस आणि ओळखपत्र असेल तर तिथल्या तिथे पडताळा. एवढी साधी मागणी होती माझी.

त्या दिवसाचं थोडक्यात सांगते. लोकलने दादर, तिथून चर्चगेट. प्रमाणपत्र आणि आधार दोन्ही पाहिले, मिनिटभरात आत. आणि आत जे दिसलं ते टीव्हीवर बघून भागलं नसतं. मुंबईत जन्मलेला, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला एजाज पटेल एकामागून एक बळी घेत होता. सिराजचा झेल रचिन रवींद्रने घेतला आणि दहाच्या दहा विकेट एजाजच्या, ११९ धावांत. कसोटीच्या एका डावात असं आधी दोघांनीच केलेलं: लेकर १९५६, कुंबळे १९९९, आणि आता हा. सगळं स्टेडियम उभं. बाबा मास्कच्या आतून "शाब्बास, शाब्बास" म्हणत होते, प्रतिस्पर्ध्याला! पुढच्या काही तासांत न्यूझीलंड ६२ला गारद. एका दिवसात सोळा विकेट पडताना त्यांनी पाहिल्या.

आठवेल तसं आणखी लिहिते. तेव्हा प्रमाणपत्रावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच लागायचं, तिकीट काढण्याआधी ते तपासायचं, नंतर नाही. मोबाइलवर ठेवलं तरी छापील प्रत न्यायची, गर्दीत नेट मिळत नाही. सावलीच्या बाजूला माणसं सरकत जातात आणि रिकामं स्टेडियम असूनही एका कोपऱ्यात दाटी होते. वयस्कांना घेऊन जात असाल तर थोडं ऊन सोसा, टोपी द्या, पण मोकळ्या रांगेत बसवा. मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाकडे लोंढा जातो, षटक चालू असतानाच जाऊन या. मार्च-एप्रिलचे दुपारचे सामने डिसेंबरासारखे सुसह्य नसतील, संध्याकाळचेच बघा.

आणि एक फार महत्त्वाचं राहिलं. १६ मार्च २०२२पासून साठ वर्षांवरच्या सगळ्यांना प्रिकॉशन डोस, म्हणजे लसीचा तिसरा, खबरदारीचा डोस खुला झाला. तो तेव्हा दुसऱ्या डोसनंतर नऊ महिन्यांनी मिळत होता. पण पोर्टलवर तुमच्या आईवडिलांचा दुसरा डोस 'पहिला' म्हणूनच नोंदलेला असला तर त्यांचा नंबर यायचाच नाही. मॅचला जायचं नसलं तरी लॉगिन करून बघा, असं मी सगळ्यांना सांगत होते. दोन कार्डं दिसली तर आधी दुरुस्ती, मग जोडणी, आणि केंद्रावर डोस घेताना पहिल्या वेळी दिलेलं ओळखपत्र आणि तोच मोबाइल नंबर द्यायचा. बाबांचा डोस त्याच महिन्यात झाला, त्या वेळी नोंदणी करणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून मी स्क्रीन वाचली. एप्रिलमधल्या मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या एका सामन्याची तिकिटंही काढली. पुण्याहून भाऊही येणार होता.